केनाईवर सॅल्मन गरवायला जायचंय: खाडीतली सवय तिथे किती चालेल?

वाशिष्ठीकाठ (गुहागर)

नमस्कार मंडळी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात अलास्कातल्या केनाई नदीवर गाईडबरोबर दोन दिवस गरवायचं घाटतंय. पुतण्या अँकरेजला असतो, गाईड त्यानेच शोधलाय. आगाऊ पैसे अजून भरलेले नाहीत, म्हणजे तारीख हलवता येईल.

इथली सवय सगळी दाभोळ खाडीची. जिताडा, तांब, कधी रावस. आठ फुटी रॉड, ४००० मापाचं रीळ, ३० पौंडी ब्रेड (विणलेला दोर), पुढे ५० पौंडी लीडर (गरीलगतचा दोराचा तुकडा). आमिषाला जिवंत कोळंबी नाहीतर बोय, आणि लुअरमध्ये (कृत्रिम आमिषात) रापाला, रबरी मासे. वाहत्या थंड नदीत कधी गळ टाकलेला नाही.

विचारायचं ते असं: रॉड-रीळ इथून न्यावं का? खाडीतली कुठली सवय तिथे अंगाशी येईल? भरती-ओहोटीचा तिथे काही संबंध असतो का? आणि रावसाला इंग्रजीत इंडियन सॅल्मन म्हणतात, तर दोघांच्या वागण्यात काही साम्य आहे का? गाईड सांगेलच, पण त्याचं सांगणं कळायला तरी थोडी तयारी असावी म्हणून विचारतोय.

तांडेल (जयगड)

रावस आधी डोक्यातून काढा. नावापुरतंच नातं आहे, कुळ वेगळं. रावसाच्या छातीखाली दोन्ही बाजूंना चार-चार सुटे दोरे असतात, गढूळ पाण्यात चाचपत कोळंबी शोधायला. सॅल्मन बाहेरून तसा नाही आणि आतूनही नाही, कारण नदीत शिरलेला सॅल्मन खाणं बंद करतो. जिताडा तर नेमका उलट्या वाटेचा. तो गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी खाऱ्यात येतो. सॅल्मन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदी चढतो. अलास्कातले पाचही पॅसिफिक सॅल्मन अंडी घातली की मरतातच, त्यामुळे वर चढताना पोटाची फिकीर त्यांना नसते. तुमची कोळंबी कितीही ताजी असो, त्याला तिचं सोयरसुतक नाही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्यासमोर असेल तो सॉकआय. तिथे सगळे त्याला 'रेड', म्हणजे लाल, म्हणतात. वजन साधारण अडीच ते साडेचार किलो. समुद्रातही हा मुख्यतः पाण्यात तरंगणारे बारीक जीव खाऊन वाढलेला असतो, म्हणून लुअरच्या मागे धावणं त्याच्या स्वभावातच नाही. मग धरतात कसा? केनाई हिमनदीच्या पाण्याची, ओढ जबर. थवे त्या ओढीतून वाचायला काठाला चिकटून चढतात, बहुतेक वेळा काठापासून दहा-पंधरा फुटांच्या आत, गुडघाभर ते मांडीभर पाण्यात. मासा चढताना सतत तोंड उघडतो-मिटतो. तळालगत आडवा वाहणारा लीडर त्या उघड्या तोंडातून सरकतो, आणि मागून येणारी गरी जबड्याच्या कोपऱ्यात बाहेरून बसते. सगळी युक्ती एवढीच.

जोडणी अशी: मुख्य दोराला स्विव्हल (फिरती कडी), स्विव्हलपाशी शिसं, त्यापुढे दोन ते चार फूट लीडर २० ते २५ पौंडी फ्लुओरोकार्बनचा, टोकाला एकच गरी आणि तिच्या देठावर थोडी रंगीत लोकर नाहीतर केसांची माशी. लोकरीला भुलून मासा येतो असं समजू नका. ती गरीला थोडं तरंगतं ठेवते आणि तुम्हाला पाण्यात दिसते.

फेक म्हणजे आपल्यासारखी चाळीस मीटर नाही. रॉडच्या टोकापासून बारा-पंधरा फूट दोर बाहेर, बस. रीळ जवळपास वापरायचंच नाही. समोर घड्याळाची तबकडी धरा. पाणी डावीकडून येत असेल तर दहाच्या काट्यावर टाका, शिसं तळाला लागू द्या, दोर ताठ ठेवून दोनच्या काट्यापर्यंत वाहू द्या. तिथे रॉड खाली आडवा ठेवून काठाकडे, प्रवाहाच्या दिशेने ओढा आणि त्याच झोकात पुन्हा दहावर. हे तासाला शेकडो वेळा करायचं.

सगळी मेख शिशात आहे. तळ टुक-टुक असा हाताला जाणवला पाहिजे, साधारण फुटाफुटाला एकदा. एकसारखं घासत अडकत असेल तर शिसं जड. काहीच जाणवत नसेल तर हलकं, गरी माशांच्या डोक्यावरून चाललीय. अर्धा ते एक औंस, म्हणजे १४ ते २८ ग्रॅम, या पट्ट्यात बदल करत राहायचा. दहा पावलं सरकलात आणि ओढ बदलली की शिसंही बदला. शेजारच्याला लागोपाठ मासे आणि तुम्हाला काही नाही, असं झालं तर दहातल्या आठ वेळा कारण शिशात किंवा लीडरच्या लांबीत असतं. लोकरीचा रंग बदलण्यात वेळ घालवू नका.

टुक-टुक थांबली आणि दोर जड वाटला की ओढ पुरी करायची. दगड असेल नाहीतर मासा. जिताड्याला मारतो तसा डोक्यावरून हिसका नको. त्याने गरी निसटली तर दोरातला ताण शिशाला गोफणीसारखा सरळ तुमच्या तोंडावर आणतो. चष्मा सक्तीचा समजा, पोलराइज्ड असेल तर मासेही दिसतात. नदीकाठच्या बऱ्याच जखमा याच शिशाच्या आणि कानात-गालात घुसलेल्या गऱ्यांच्या असतात.

गाबीत (देवगड)

तांडेलांनी सगळा सांगल्यानी हा, माझा एकच. खाडीत आपण कमरेभर पाण्यात उतरान लांब फेकतव, ती खोड हयच ठेवन जावा. थय मासो पायाकडसूनच जाता. खोल पाण्यात गेलास तर तुमी माशाच्या वाटेर उभे रवलास, आणि मासो तुमच्या पाठीमागसून जातलो. घोट्याभर पाणी पुरे!

वाशिष्ठीकाठ (गुहागर)

तांडेल, गाबीतदादा, आभार. हे असं असेल याची कल्पनाच नव्हती. दोन शंका. गरी बाहेरून बसते म्हणता, मग ती पोटाला किंवा पाठीला लागली तर? आणि ओढत्या पाण्यात चार किलोचा मासा आणायचा कसा? इथे तर ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आवळून पहिल्या धावेतच रोखायचं हेच शिकलोय.

तांडेल (जयगड)

तोंडाशिवाय कुठेही लागलेला मासा ताबडतोब सोडायचा, हा तिथला कायदा आहे, सभ्यपणाचा प्रश्न नाही. जाणूनबुजून अंगाला गरी मारणं हा गुन्हा. पाठीला लागलेला मासा ओळखू येतो. तो आडवा होऊन ओढीबरोबर सरळ खाली सुटतो, डोकं वळतच नाही. असं वाटलं तर पाठलाग न करता रॉड माशाच्या रोखाने सरळ करा, स्पूल (रिळावरची दोराची गुंडाळी) दाबा आणि लीडर तोडा. तासभर झुंजून शेवटी सोडायचाच असतो, आणि तेवढ्यात काठावरच्या दहा जणांचे दोर गुंतलेले असतात.

आता दुसरं. जिताड्याला आपण रोखतो कारण तो जेटीच्या खांबात, खडपात नाहीतर कांदळवनाच्या मुळांत शिरतो. तिथे अडथळा नसतो, पण पाणीच माशाच्या बाजूने असतं. ड्रॅग लीडरच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा, २० पौंडीला पाच-सहा पौंड. रॉड उंच धरू नका. सॉकआय पाण्याबाहेर उड्या मारतो आणि उंच रॉडवर गरी फाडून जातो. रॉड आडवा, पाण्याच्या जवळ, काठाच्या बाजूला. मासा खाली सुटला की तुम्हीही काठाने त्याच्याबरोबर खाली चाला आणि त्याच्या समोर, जमलं तर थोडं खालच्या बाजूला या, म्हणजे त्याला तुमच्याशी आणि ओढीशी दोन्हीकडे झगडावं लागेल. एका जागी उभं राहून ओढीविरुद्ध वर खेचणं हीच खाडीवाल्याची चूक. पहिल्या दोन-तीन माशांत ती होतेच.

मासा लागला की मोठ्याने 'फिश ऑन' ओरडायचं. शेजारचे आपले दोर काढून वाट देतात. न ओरडता झुंजणाऱ्याला तिथे कोणी मान देत नाही.

भाट्येवारा (रत्नागिरी)

तांडेलांचं तंत्र बरोबर आहे, पण वाशिष्ठीकाठ, तुमची तारीख अजून हलू शकते म्हणून वेगळं सांगतो. तुम्ही जिताडा गरवणारे. लाल सॅल्मनचा प्रकार तुम्हाला दोन तासांत कंटाळवाणा वाटेल. मासा काही घेत नाही, तुम्ही त्याला दोर अडकवता. माझ्या लेखी ते गरवणं नव्हे, मजुरी आहे. खाण्यासाठी मासा हवा असेल तर गोष्ट वेगळी, लालसारखं मांस दुसऱ्याचं नाही.

ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर कोहो येतो, तिथला 'सिल्व्हर'. हासुद्धा नदीत खात नाही, पण चिडून तोंड मारतो, आणि मारतो तो जिताड्यासारखा. ओढीत राहत नाही. वळणाआडचा भोवरा, बेटामागचं संथ पाणी, उपनदी मिळते तिथला डोह, अशा जागा धरतो. खाडीच्या वळणावर ओहोटी लागताना तुम्ही जिथे रबरी मासा टाकाल ती नजर इथे थेट कामाला येते. चार-पाच नंबरचा फिरत्या पात्याचा स्पिनर तिरका फेकायचा, बुडू द्यायचा, पातं जेमतेम फिरेल इतक्या धिम्या गतीने आणायचा. नियम परवानगी देत असेल त्या भागात नांगरलेल्या होडीतून मुरवलेली गाबोळी (माशाची अंडी) सोडतात. आपल्याकडे गाबोळी तव्यावर जाते, तिथे ती मीठ-साखर आणि रंग लावून गरीला बांधतात. त्यासाठी गरीच्या देठावर फासाची गाठ घालतात, म्हणजे लीडर मागे ढकलला की फास उघडतो आणि गाबोळीचा तुकडा त्यात आवळता येतो. ही गाठ घरी बसून शिकून जा, गाईड खूश होईल.

कोहोचा भर पहाटेचा. पहिल्या उजेडाचे दोन तास गेले की दिवसाचा निम्मा खेळ संपला.

सगळ्यांत मोठा तो किंग. १७ मे १९८५ रोजी याच केनाईवर गळाला लागलेला ९७ पौंड ४ औंसांचा, म्हणजे ४४ किलोंचा किंग आजही रॉडवरचा विक्रम आहे. पण त्या आशेवर पैसे भरू नका. किंगची संख्या घसरल्यामुळे जुलैत केनाईवर तो धरणं अलीकडच्या वर्षांत बंद आहे. लालसाठी टाकलेल्या गरीला चुकून लागलाच तर त्याला पाण्याबाहेर काढायलाही मनाई आहे. फोटोसाठीही उचलायचा नाही. पाण्यातच गरी काढा किंवा लीडर कापा.

म्हणून ओळख पक्की करून जा. लाल: पाठीवर आणि शेपटीवर काळे ठिपके नाहीत. कोहो: ठिपके पाठीवर आणि शेपटीच्या फक्त वरच्या पात्यावर, दातांच्या मुळाशी हिरड्या पांढुरक्या. किंग: शेपटीच्या दोन्ही पात्यांवर ठिपके, हिरड्या काळ्या. पिंक: शेपटीवर मोठे लंबगोल डाग, अंगाने लहान. पिंक केनाईत सम वर्षी लोटतात, विषम वर्षी जवळपास नसतात. तेव्हा सम वर्षी ऑगस्टमध्ये गेलात तर कोहोच्या आधी पिंकच गळाला लागत राहतील याचीही तयारी ठेवा.

तांडेल (जयगड)

मजुरी म्हणा हवं तर. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला गळाला मासा लागण्याची खात्री जुलैतच जास्त. कोहोचे थवे तुटक येतात. दोनच दिवस हातात असताना मी लालच म्हणेन.

भाट्येवारा (रत्नागिरी)

दोनच दिवस असतील तर मान्य. मग त्या दोनपैकी एक दिवस तरी वरच्या भागात, कूपर लँडिंगच्या बाजूला, वल्ह्यांच्या ड्रिफ्ट बोटीतून रेनबो ट्राउटसाठी ठेवा. तिथे आमिष चालत नाही, एकाच काट्याची गरी आणि कृत्रिम लुअर, एवढंच. तीन काट्यांचे रापाला घरीच ठेवा.

खाजणवाट (श्रीवर्धन)

परवाना, सामान आणि भरतीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

परवाना प्रत्येकाने स्वतःचा काढायचा, ऑनलाइन मिळतो. बाहेरच्या माणसाला एक दिवसाचा १५ डॉलर, तीन दिवसांचा ३० आणि सात दिवसांचा ४५ असे दर गेली काही वर्षं आहेत. जाण्याआधी एकदा पाहून घ्या. गाईडच्या पैशांत परवाना धरलेला नसतो. रॉड, रीळ, शिसं, गऱ्या आणि बहुतेक ठिकाणी वेडर (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) मात्र धरलेले असतात. आगाऊ भरण्याआधी चार गोष्टी विचारा: वेडर तुमच्या मापाचे आहेत का (उंची आणि बुटाचा नंबर कळवा), मासा साफ करून फिले काढून देणार का, दिवस किती तासांचा, आणि धरण्याची मर्यादा बदलली किंवा बंदी आली तर पैशांचं काय. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तिथे मोसमाच्या मध्येच हुकूम निघतात. लालची नेहमीची मर्यादा माणशी दिवसाला तीन. मासा भरपूर आला की ती वाढवतात, कमी आला की आवळतात. एकाची मर्यादा दुसऱ्याच्या माशांनी भरायची सोय नाही. गाईडला दिवसाच्या रकमेच्या १५ ते २० टक्के वर द्यायची रीत आहे, ती आधीच हिशेबात धरा.

मासा किती आलाय हे तिथे अंदाजावर नसतं. नदीच्या मुखापासून १९ मैलांवर सोनार (ध्वनिलहरींनी मासे टिपणारं यंत्र) लावून माशांची रोज मोजणी होते आणि आकडा लगेच जाहीर होतो. आपण पंचांगात अमावास्या-पौर्णिमा पाहून उधाणाचं पाणी ठरवतो, तिथे गाईड सकाळी तो आकडा पाहतो. आकडा चढला की सोनारच्या वरच्या सोल्डोट्ना भागात लगेच, आणि त्याहून वर पुढच्या काही दिवसांत मासा वाढतो.

भरतीचा संबंध आहे, पण दुरून. केनाई जिथे मिळते त्या कुक इनलेटमध्ये पाणी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चढतं. आपल्याकडे उधाणाला अडीच-तीन मीटर, तिथे सहा-सात मीटर सहज. थवे भरतीबरोबर मुखात शिरतात. सोल्डोट्नाला मात्र भरतीचं पाणी पोचत नाही, त्यामुळे तुम्ही उभे असाल तिथे दिवसभर एकाच दिशेची ओढ. पाणी पालटायची वाट बघत बसू नका, ते पालटणार नाही!

जुलैत बर्फ वितळत असतो म्हणून पाणी वाढत जातं. रंग दुधाळ हिरवा-निळा. हात घातला तर मिनिटभरात बोटं दुखतात. हाफ पँट आणि रबरी चप्पल हा आपला गणवेश तिथे जिवावर बेतेल. वेडरचा कमरेचा पट्टा घट्ट आवळलेलाच हवा. पडलात तर पट्ट्याशिवाय वेडर पाण्याने भरतो आणि उठता येत नाही. आत सुती कपडा नको, भिजला की अंगाची ऊब ओढून घेतो. लोकरी किंवा सिंथेटिक घाला. वर पावसाळी जाकीट, बोटं उघडी असलेले हातमोजे, डासांचं मलम. रात्री अकरापर्यंत उजेड असतो, म्हणून झोपेचं भान घड्याळ बघून ठेवा.

रॉड नेऊ नका. तुमचा आठ फुटी चालला असता, पण दोन दिवसांसाठी विमानाच्या सामानात नळकांडं वागवण्यात अर्थ नाही. नेलातच तर गऱ्या, शिसं आणि पक्कड चेक-इन सामानात. रीळ खाडीत वापरलेलं असेल तर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून न्या. चिखल आणि ओलसर दोर घेऊन दुसऱ्याच्या नदीवर जायचं नाही. घरून न्यायचं ते एवढंच: स्वतःच्या नंबरचा चष्मा (वर पोलराइज्ड बसेल असा), डोक्याला लांब चोचीची टोपी आणि लांब नाकाची पक्कड.

अस्वलांचा फवारा विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, तो तिथेच घ्या. गाईडकडे असतोच, पण अँकरेजहून जाताना पुतण्याबरोबर कुठे काठावर उतरणार असाल तर हवा. रशियन नदी केनाईला मिळते त्या संगमावर लालसाठी माणसं जमतात आणि अस्वलंही जमतात. तिथे पिशवी, डबा आणि धरलेला मासा हाताच्या अंतरावर ठेवायचा. साखळीला मासा लावून आपण वीस पावलं दूर गेलो, हे चालत नाही.

आणखी एक. केनाईच्या काठाचे बरेच तुकडे १ जुलै ते १५ ऑगस्ट गरवायला बंद असतात, कारण माणसांच्या पायांनी काठावरचं गवत आणि माती तुटते आणि त्या गवताखालीच सॅल्मनची पिल्लं वाढतात. लाकडी पायवाट आणि जिने बांधलेत, तिथूनच पाण्यात उतरायचं. मोकळा काठ दिसला म्हणून उतरलात तर दंड.

वाशिष्ठीकाठ (गुहागर)

खाजणवाट, यादी उतरवून घेतली. मग जुलैच ठरवतो: एक दिवस लाल, एक दिवस वरच्या भागात ट्राउट. मासा मिळाला तर घरी पुतण्याकडे चार माणसं खाणारी आहेत. धरल्यापासून ताटात येईपर्यंत काय काळजी घ्यावी? आणि रावसाचा मसाला त्याला चालेल का?

आगळ-तिरफळ (मालवण)

पाण्यातून काढल्या काढल्या डोक्यावर एक ठाम फटका, मग दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांच्या कमानी कापा आणि चार-पाच मिनिटं वाहत्या पाण्यात धरा. रक्त गेलं पाहिजे. ते राहिलं तर कण्याजवळचं मांस काळपटतं आणि दुसऱ्या दिवशी वास धरतं. मग थेट बर्फात, आणि पोट शक्य तितक्या लवकर साफ. ऊन नसलं तरी हे टाळू नका.

साफ केलेले सांगाडे काठावर किंवा उथळ पाण्यात फेकू नका, अस्वलं येतात. तिथली पद्धत म्हणजे सांगाड्याचे बारीक तुकडे करून खोल, जोराच्या ओढीत टाकायचे.

फिले काढल्यावर मधल्या रेघेवर बारीक काट्यांची रांग बोटाला लागेल. चिमट्याने डोक्याच्या दिशेला तिरके ओढा, सरळ वर ओढलेत तर मांस फाटतं. रानटी सॅल्मनमध्ये कृमी असतात. शिजवून खाल्लात तर भय नाही. कच्चा किंवा अर्धकच्चा खायचाच असेल तर उणे २० अंशांवर सात दिवस गोठवलेला हवा, आणि घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा तेवढा थंड असतोच असं नाही.

मसाला हलका ठेवा. लालचं मांस मुळात तेलकट आणि चवीला दाट, रावसासारखं सौम्य नाही. हळद, मीठ आणि आगळ (कोकमाचा रस) लावून दहा मिनिटं पुरे. तासभर ठेवलात तर आंबटाने वरचं मांस पांढरं पडतं आणि तव्यावर सुटं होतं. रवा लावायला हरकत नाही, तेल मात्र निम्मं घाला, त्याचं स्वतःचं सुटतं. आधी कातडीची बाजू तव्यावर, चारातले तीन हिस्से तिथेच शिजू द्या, मग उलटून मिनिटभर. मधला भाग किंचित ओलसर दिसतोय तोवर उतरवलात तर ठीक, तुकडे कोरडे झाले की मात्र भुसा खाल्ल्यासारखं लागतं. आमटी करायची तर डोकं आणि पोटाकडचा तुकडा घ्या. तिरफळ नको, बांगड्याला शोभतं, इथे दोन्ही चवी भांडतात.

तांडेल (जयगड)

जुलै ठरलं तर आता सरावाचं. मासेमारी बंदीच्या दिवसांत पुरात उतरून सराव करायला जाऊ नका. अंगणात जमतो. जुन्या रॉडला पंधरा फूट तंगूस (नायलॉनचा दोर), टोकाला गरी न लावता २० ग्रॅमचं शिसं, समोर चुन्याची रेघ. दहाच्या काट्यावर टाका, दोनपर्यंत आणा, आडवा ओढा, परत. शिसं रेघेपलीकडे दोन हातांतच पडलं पाहिजे आणि तुमच्या खांद्याच्या वर कधीही येता कामा नये.

हे दोन्ही अंगांनी करा. तुम्ही कुठल्या काठावर उभे राहाल त्यावर पाणी डावीकडून येणार की उजवीकडून ते ठरतं, आणि उलट्या बाजूने फेकायची वेळ आली की नव्या माणसाचं शिसं शेजाऱ्याच्या टोपीला जातं. उजव्या हाताने शंभर झाले की डाव्याने शंभर. मनगटावर जोर देऊ नका, कोपर अंगाला चिकटवून कमरेतून वळा. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला तर फेक हातानेच चाललीय असं समजा.